दहा नंबरचं पातं

जोगेश्वरी पूर्वेला मजास, मेघवाडी, श्यामनगर या भागांत फिरलात तर इमारतींच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांत प्राण्यांचे दवाखाने दिसतील. बाकावर धापा टाकणारा पग, पिंजऱ्यातून फिस्कारणारं पर्शियन मांजर, आणि कुणा भल्या माणसाने रिक्षात घालून आणलेलं, केस झडलेलं रस्त्यावरचं कुत्रं. आतल्या टेबलावर स्टीलचा ट्रे असतो. त्यात लिक्विड पॅराफिनच्या बाटलीशेजारी, काचपट्ट्यांच्या डबीला खेटून जे बसलेलं असतं त्याची ओळख तुम्हाला करून द्यायची आहे. दहा नंबरचं पातं.

जन्माने ते शल्यविशारद. पोट गोलाकार, धार त्या गोलाव्यावर, बसायला तीन नंबरची मूठ. अकरा नंबरचं टोकदार आणि पंधरा नंबरचं चिमुकलं ही त्याची भावंडं. शस्त्रक्रियेत कातडीवरचा पहिला मोठा छेद घ्यायचा मान बहुधा यालाच मिळतो. त्वचेच्या तपासणीला मात्र डॉक्टर त्याची धार घासून मारतात आणि मगच कामाला लावतात. ज्याचा सगळा तोरा धारेत, त्यालाच बोथट करायचं! दुसरं कुणी रुसून बसलं असतं. हे रुसत नाही. इथे कापायचं नाही, खरवडायचं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

त्याचा पहिला हट्ट तेलाचा. आधी तपासायच्या जागेचे केस हलक्या हाताने कापून घ्या, मग कातडीवर लिक्विड पॅराफिनचा थेंब टाका, एक थेंब माझ्याही अंगावर आणि एक काचपट्टीवर; त्याशिवाय ते हलणार नाही. हा नखरा उगाच नाही. कोरड्या कातडीवरचा कोंडा उडून जातो, तेलात तो पात्याला चिकटतो. शिवाय ज्यांना शोधायचं ते कातडीतले सूक्ष्म किडे तेलात जिवंत राहतात, पाय हलवत राहतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हलणारी गोष्ट डोळ्यांना चटकन सापडते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने खपल्या छान विरघळतात, पण किडे मरतात. पात्याला साक्षीदार जिवंत हवा असतो.

दुसरी खोड जास्त धीटपणाची. रक्त दिसल्याशिवाय ते थांबत नाही.

पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजात चर्र होतं. लॅब्रेडोरच्या सात-आठ महिन्यांच्या पिल्लाला घेऊन एक काकू आलेल्या असतात. डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस पुंजक्यांनी गेलेले. डॉक्टर कातडीची घडी चिमटीत दाबून धरतात, पातं केसांच्या दिशेने फिरू लागतं, आणि तेलात लालसर पाझर दिसतो.

"अहो डॉक्टर, रक्त आलं!"

"यायलाच हवं काकू. तो आत खोल बसलाय."

तो म्हणजे डेमोडेक्स हा किडा. लांबट अंगाचा, निमुळत्या शेपटीचा, आखूड पायांच्या चार जोड्या पुढच्या अर्ध्या भागात. लांबी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. केसाच्या मुळाशी जी पिशवी असते तिच्यात हा डोकं खाली करून राहतो. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, पिल्लू दूध पीत असताना, आईच्या अंगावरून त्याच्याकडे येतो. निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडे डेमोडेक्स असतातच. प्रतिकारशक्ती ढिली पडली की त्यांची पिलावळ वाढते आणि केस गळू लागतात. घडी दाबायची ती त्याला पिशवीतून वर ढकलायला, आणि केशवाहिन्यांतून पाझर येईपर्यंत खरवडायचं ते त्याच्या खोलीपर्यंत पोचायला. वरवर पातं फिरवून "काही नाही" म्हणणं ही तपासणी नव्हे. काकूंना हे समजावलं की पिल्लाचं डोकं धरायला त्याच पुढे होतात.

खरजेच्या किड्याशी गाठ पडली की मात्र हेच पातं रीत बदलतं. सार्कोप्टिस खोल जात नाही. तो कातडीच्या वरच्या थरात बोगदे खणतो, आणि संख्येने थोडा असतो. तिथे खोलीचा आग्रह सोडून पातं रुंद जागा घेतं: कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे. कुत्र्याने ओरबाडून लाल केलेली जागा ते टाळतं, कारण तिथला किडा कुत्र्यानेच खरवडून नेलेला असतो. अख्ख्या पट्टीवर एक किडा, एक अंडं सापडलं तरी निदान पक्कं. मांजरांत मात्र याच कुळातला नोटोएड्रिस भेटतो, तो अजिबात लपत नाही. मासळीच्या टोपल्यांमागे फिरणाऱ्या, कानांवर आणि कपाळावर राखाडी खपल्या चढलेल्या बोक्याला एकदा पातं लावावं, तर पट्टीवर किड्यांची दाटी होते.

पात्याच्या घराण्याचा इतिहास त्याने अभिमानाने सांगावा असाच आहे. मूळ पुरुष म्हणजे टाचणी. १६८७ साली इटलीत बोनोमो हा डॉक्टर आणि चेस्तोनी हा औषधविक्रेता या दोघांनी खरूज झालेल्या माणसांच्या कातडीतून किडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याला अंडं घालतानाही पाहिलं, आणि खरजेचं कारण हाच असं लिहून ठेवलं. बायका टाचणीने हे किडे टिपून काढतात, हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. मोठमोठ्या वैद्यांनी दीडशे वर्षं मानलं नाही. मधल्या काळात, १८१२ मध्ये, पॅरिसच्या गालेस नावाच्या माणसाने खरजेचा म्हणून जो किडा दाखवला, तो चीजमध्ये पडणारा निघाल्याचं पुढे म्हटलं गेलं. शेवटी १८३४ साली कॉर्सिकाहून आलेल्या रेनुची या विद्यार्थ्याने पॅरिसच्या रुग्णालयात सगळ्यांसमोर सुईने किडा काढून दाखवला आणि वाद मिटला. ही युक्ती तो आपल्या गावाकडच्या बायकांकडून शिकला होता. मुंबईत या विद्येची पेठ परळ. बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालयाच्या सोबतीने १८८६ मध्ये तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. उपनगरांतल्या गाळ्यांपर्यंत पातं पोचलं ते अशा शिक्षणामुळे.

एवढं मोठं घराणं असूनही आपल्याला कुठे जमत नाही, हे त्याला कळतं. डोळ्याच्या पापणीजवळ किंवा बोटांच्या सुजलेल्या बेचक्यात पातं फिरवणं म्हणजे छळ. तिथे ते मागे सरतं आणि चिमट्याला पुढे करतं. चिमटा काही केस मुळासकट, वाढीच्या दिशेने उपटतो आणि तेलाच्या थेंबात ठेवतो. केस बोलायला लागला की खूप सांगतो. मुळाशी डेमोडेक्स चिकटलेला दिसतो. टोक तुटलेलं असेल तर मांजर स्वतःच चाटून चाटून केस तोडतंय. टोक निमुळतं, शाबूत असेल तर केस मुळातून गळतोय. "आमची मनी अजिबात चाटत नाही हो," असं घरचे शपथेवर सांगतात, तेव्हा तुटकी टोकं मनीचं रात्रीचं गुपित फोडतात.

जून उजाडला की सेलोटेपचा भाव वधारतो. पावसाळ्यात जोगेश्वरीच्या घरांत भिंतीच कोरड्या राहत नाहीत, तर पगच्या सुरकुत्या आणि शीत्झूच्या बगला कुठून राहणार! आंबूस वास, तेलकट काळपट कातडी. तिथे टेपचा पारदर्शक तुकडा दाबून उचलायचा, जांभळ्या-निळ्या रंगात बुडवायचा आणि पट्टीवर चिकटवायचा. भुईमुगाच्या शेंगेसारखे, मधे आवळलेले ठिपके दिसले की ती मॅलॅसेझिया नावाची बुरशी. गोल ठिपक्यांचे घोळके दिसले तर जिवाणू. टेप स्वस्त आहे, वेदना शून्य, आणि कानामागे, बोटांत, कुठेही जातो.

नायट्यासाठी आणखी दोन शेजारी. एक वुडचा दिवा, रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाचा. त्याला आधी पाच मिनिटं तापू द्यावं लागतं आणि खोलीत अंधार लागतो. मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीने धरलेला केस त्याच्या उजेडात हिरवा चमकतो. पण त्याच्या शब्दावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही: या बुरशीचे सगळे वाण चमकत नाहीत, आणि मलमं, साबण मात्र चमकतात. दुसरा शेजारी चक्क कोरा टूथब्रश. पर्शियन मांजराच्या सगळ्या अंगावरून तो दोन-तीन मिनिटं फिरवायचा आणि त्याचे दाते बुरशी वाढवायच्या ताटलीत टोचायचे. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. घरात लहान मूल असेल तर ही वाट पाहणं फार मोलाचं, कारण नायटा मांजराकडून मुलाकडे सहज जातो.

पात्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे सचोटी. सापडलं तर ठामपणे सांगतं. नाही सापडलं तर "नाहीच" असं म्हणत नाही. डेमोडेक्सच्या बाबतीत नीट, खोल, तीन ते पाच ठिकाणी खरवडून काही मिळालं नाही तर बहुधा तो नाहीच. अपवाद शार-पेई कुत्र्याची जाड कातडी आणि जुने, घट्ट झालेले पंजे, तिथे कातडीचा तुकडाच काढून तपासायला पाठवावा लागतो. खरजेत मात्र पट्टी रिकामी निघणं नेहमीचंच. अशा वेळी चांगला डॉक्टर कुत्र्याच्या कानाची कड दोन बोटांत चोळून पाहतो. मागचा पाय आपोआप खाजवायला उठला, आणि घरातल्या माणसांच्या पोटावर, दंडांवरही पुरळ असेल, तर रिकाम्या पट्टीला न जुमानता खरजेचे उपचार सुरू होतात. पात्याला त्यात अपमान वाटत नाही.

त्याला राग येतो तो एकाच गोष्टीचा: तपासणीआधी भरल्या जाणाऱ्या सिरिंजचा. खाज दिसली की स्टेरॉइडचं इंजेक्शन, चार दिवस आराम, मालक खूश. आणि खाली डेमोडेक्स असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दबते, किडे मोकाट सुटतात, कातडी पिकते. पात्याची ही चीड शंभर टक्के रास्त आहे. पाच मिनिटांचं खरवडणं आणि एक काचपट्टी वाचवून एखाद्या मुक्या जिवाचे महिने खाल्ले जातात. आज डेमोडेक्सवर आणि खरजेवर तोंडाने देता येणाऱ्या गोळ्या मिळतात आणि त्या छान काम करतात. पण गोळी कुणासाठी, हे आधी कळायला नको का?

आणि गोळी सुरू झाली म्हणून पातं रजेवर जात नाही. दर महिन्याला ते पुन्हा त्याच जागांवर येतं. किती जिवंत, किती मेलेले, किती अंडी, किती पिल्लं, सगळी मोजदाद होते. केस परत आले, कुत्रं चकाकायला लागलं, मालकाने औषध बंद करायचं ठरवलं, तरी ते ऐकत नाही. महिन्याच्या अंतराने लागोपाठ दोन वेळा पट्टी स्वच्छ आली पाहिजे, तेव्हाच त्याची परवानगी मिळते. हे सगळं पाहायला प्रत्येक वेळी नवं पातं येतं. एका पेशंटचं काम झालं की जुनं धारदार वस्तूंच्या पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात जातं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी त्याची तीच जागा ठरवली आहे.

तर तुमच्या कुत्र्याला किंवा मांजराला खाज सुटली, केस गळू लागले, तर त्याला आदल्या दिवशी आंघोळ घालू नका. कडुनिंबाचं तेल, हळद, गंधक, शेजाऱ्यांनी दिलेलं मलम, काही लावू नका. घरात कुणाला खाज येत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. आणि टेबलावर सिरिंज आधी उचलली गेली, तर नम्रपणे पण नक्की विचारा: "डॉक्टर, आधी एकदा स्क्रेपिंग करून बघूया का?"