राजे गेले, लेख राहिले

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही धुळ्याहून तापीकांठच्या थाळनेरास गेलों. हें गांव पूर्वीं खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होतें. त्यांच्या घुमटाच्या कबरी अद्याप उभ्या आहेत. नदीवरचा किल्ला मात्र ढासळला आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं या किल्ल्यांत शरणागतीच्या गोंधळांत दोन इंग्रज अधिकारी पडले. तेव्हां इंग्रजांनीं शिबंदीची कत्तल केली व होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा यास फांशीं दिलें.

ही हकीकत ऐकून आमच्या पुतण्यानें विचारिलें, "काका, ज्यांनीं आपल्यावर राज्य केलें, त्यांच्या खुणा आपण कशाला जपाव्या?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

पुढें जळगांवाहून आगगाडीनें बऱ्हाणपुरास गेलों. आज तें मध्यप्रदेशांत असलें, तरी फारुकींची पुढील राजधानी तेंच. तेथील जामा मशिदींत फारुकी राजानें शके १५११ मध्यें आपली वंशावळी संस्कृतांत कोरविली आहे. १६०१ सालीं अकबरानें असीरगड घेतला व त्याच मशिदींत आपलाही लेख कोरविला. परंतु पराभूताचा लेख पुसला नाहीं. प्रांताचें नांव मात्र त्यानें बदलून 'दानदेश' केलें. तें नांव लोपलें; दोन्ही लेख राहिले.

शेवटीं चाळीसगांवाजवळील पाटणें पाहिलें. येथें मिळालेल्या शके ११२८ च्या लेखांत यादव सिंघण व त्याचे मांडलिक निकुंभ यांची स्तुति आहे. त्याच लेखांत भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिल्याचें नमूद असून, मठासाठीं घाण्यामागें तेल द्यावें असें मराठींत कोरलें आहे. यादवांच्या कोणा वैऱ्यानें ती स्तुति फोडून टाकिली असती, तर तो मठही आमच्या स्मरणांतून गेला असता.

तेथें आम्हीं पुतण्यास म्हटलें, "बाळ, जपणें म्हणजे मुजरा करणें नव्हे. जुना लेख पुसूं नये. त्याच्या शेजारीं आपला लिहावा."

तो क्षणभर थांबून म्हणाला, "मग थाळनेरास तुळशीराम मामांच्या नांवाचा दगड उभारूं या."

याहून चांगलें उत्तर आम्हांसही देतां आलें नसतें. वाचकहो, मुलांना थाळनेरास अवश्य न्यावें. कबरी दाखवाव्या, आणि ढासळल्या तटाशीं उभें राहून त्या किल्लेदाराचें नांवही सांगावें.