एका ओळीचा प्रश्न

रात्रीचे साडेअकरा. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला एकवीस दिवस उरलेत. आज दोन तासांचा सराव पेपर पहिल्यांदाच वेळेत पुरा झाला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे आता अंगवळणी पडलंय.

पण आज अडले ती मथुरा खटल्यापाशी. प्रश्न एका ओळीचा, निकालाचं साल विचारलेलं. 1978. खूण केली आणि पुढे जाववेना. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयानं पोलिसांना दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असं धरलं गेलं! वाचताना हात थरथरला. त्यावर कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांत वसुधा धागमवार होत्या. बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

चार शिक्षक आणि एक पत्र. मला कायदा शिकायचाय तो यासाठी, आणि बाबांसाठीही.

माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांच्या जमिनीच्या दाव्याचे कागद आहेत, सुतळीनं बांधलेले. सातबाऱ्याच्या घड्या फाटल्यात, बाबांनी त्या मागून चिकटपट्टीनं जोडल्यात. प्रत्येक तारखेला ते ही चळत पिशवीत घालून नेतात आणि कुणीतरी समजावून सांगेल म्हणून वाट बघतात.

पुढची तारीख परीक्षेनंतर चौथ्या दिवशी आहे. मी बरोबर जाणार आहे.