नाणेघाटाची पायरी आणि रुंद बूट

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग आहे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण परंपरेने जकातीचा मानतात. गतवर्षी तेथून लेण्याकडे उतरताना सौ.चा पाय घसरला. लेणे न पाहताच आम्ही परतलो. “आता डोंगर नको,” असे तिने ठरवले. वस्तुतः दोष वयाचा नव्हता, निमुळत्या बुटांचा होता.

परदेशस्थ कन्या म्हणाली, “भुसभुशीत बर्फात आम्ही बायका रुंद स्की घेतो. भार अधिक क्षेत्रावर पसरतो, स्की कमी रुतते, श्रम वाचतात.” येथे बर्फ नाही, खडक आहे, तरी साधन पायाला व वाटेला साजेसे हवे, हे पटले. सायंकाळी, पाय किंचित फुगलेले असताना, बोटांना ऐसपैस जागा देणारे, खाचदार रबरी तळाचे, चामडेविरहित बूट घेतले.

यंदा सौ. लेण्यात पोहोचली. राणी नागनिकेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्राह्मी शिलालेखात यज्ञांतील दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. जन्मभर हिशेब तपासलेला मी तेथेच रेंगाळलो. परतताना पुढून आवाज आला, “अहो, जपून या, तुमचे बूट जुनेच आहेत!”