पागाचं शिसं आणि रंगीत गोळ्या

परवा गावातल्याच एका मित्रानं व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला कुणी हौशी माणूस घरी शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओततो, डब्यात रंगाची पूड घालून खळखळ हलवतो आणि छोट्या ओव्हनमध्ये साधारण २०० अंशांवर भाजतो. बाहेर येतात लाल, निळ्या, अगदी लिमलेटसारख्या. खाली मित्राचा प्रश्न: "आपल्याकडे चालेल काय रे?"

नाही चालणार. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, पण तो बंदूक बाळगण्याचा, घरात कारखाना काढण्याचा नव्हे. तो विषय संपला.

मी अडकलो ते शिशापाशी. रंगाचा लेप देतात तो नळीत शिसं चिकटू नये म्हणून. हाताला लागतं तेही कमी होतं म्हणे. पण लेप बसतो शेवटी. त्याआधी शिसं वितळवून झालेलं असतं, वरची मळी काढून झालेली असते, धूळ घरभर गेलेली असते.

आणि बंदूक सोडा हो, केळशीत पागाचं शिसं ओतलं जातंच की! ३२७ अंशांना वितळतं, साध्या चुलीवर होतं. लहानपणी आमच्या पडवीत मी उकिडवा बसून जाळ फुंकायचो. काही जण तर जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं काढतात. ते सगळ्यात वाईट.

एका दिवाळीत शिसं ओतायची पळी परत स्वयंपाकघरात दिसली. मी ओरडलो. आई म्हणाली, "राखेनं घासलीय रे, बघ कशी चकचकीत झालीय." चकचकीत होतीच. पण शिसं दिसत नाही, वासही येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. घरगुती रंगांत शिशाला २०१७ पासून दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आहे. पडवीतल्या चुलीला कोण घालणार?

पाग टाकणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. तयार शिसं आणायचं तर खिशाला चाट, कळतं मला. पण ओतायचंच तर घरापासून लांब, मोकळ्यावर, भांडं वेगळं आणि पोरं जवळ नकोत. येत्या ग्रामसभेत मी हे बोलणार आहे.

आमची ती पळी आता गोठ्यात खुंटीला आहे. आई अजून म्हणते, चांगली पळी फुकट घालवलीस.