सोन्याच्या बाजारातली माती

कमानिया गेटपाशी आलं की जबलपूरचा सराफा जवळच. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीसाठी उभारलेलं हे गेट पाहून पाहुणे थेट बांगड्यांचा भाव विचारायला जातात. घरी मातीची भांडी घडवण्याचा नाद असलेल्यानं मात्र इथे वेगळ्या नजरेनं फिरावं. सोन्याच्या या बाजारात मातीही बरीच दडलेली आहे.

सोनाराची मूस घ्या. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि ते पोटात घेऊन मूस तशीच शाबूत राहावी लागते. आता ग्रॅफाइटच्या मुशी आल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या हे काम मातीनंच केलं. जबलपूरकडे अशी उष्णता सोसणारी माती सापडते. इंग्रजांच्या काळात बर्न कंपनीनं इथे पॉटरी घातली ती उगाच नाही.

नवरात्रात तर माती आणि सोनं शेजारीच बसतात. सुनरहाई आणि नुनहाईच्या दुर्गा बुंदेली ढंगाच्या, मातीच्या. अंगावर मात्र खरे दागिने आणि भोवती पोलिसांचा पहारा. विसर्जनाआधी दागिने उतरतात. मूर्ती भाजलेली नसते, म्हणून पाण्यात विरघळते.

घरच्या स्टुडिओची गोम इथेच आहे. गच्चीच्या कोपऱ्यात एक पाट, ओलं फडकं आणि पाण्याचं भांडं एवढ्यावर काम सुरू होतं, चाकही लागत नाही. मातीचा गोळा चिमटीत दाबत वाटी करावी, किंवा वळ्या एकावर एक रचून मडकं उभं करावं. पण नुसतं वाळलेलं भांडं पाण्यात पुन्हा चिखल होतं. मातीत मुरलेलं पाणी कायमचं जायला पाचशे-सहाशे अंशांची आच लागते, आणि घरातला ओव्हन अडीचशेच्या आसपास थकतो. सराफ्यासारख्या दाटीच्या गल्लीत भट्टी पेटवणं तर सोडूनच द्या. म्हणून घडवणं घरी आणि भाजणं कुंभाराकडे, हीच वाटणी मला शहाणपणाची वाटते. त्याच्या आव्यात चार वाट्यांना जागा मागावी आणि त्याचे पैसे मोजून द्यावेत. फुकट मागू नये. भांडी मात्र पूर्ण वाळलेली हवीत. ओल राहिली तर आतली वाफ भांडं फोडते, आणि शेजारचं त्याचंही.

नक्षीसाठी सराफ्यासारखी दुसरी शाळा नाही. माती चामड्याइतकी घट्ट झाली की जुन्या पैंजणाची साखळी तिच्यावर हलकेच दाबा. मण्यांची अशी ओळ उमटते की ब्रशनं साधणार नाही. तुटलेलं कर्णफूल, बांगडीची कड, काहीही चालतं. मग गेरूचं पातळ पाणी फिरवा आणि सुकत आलं की नर्मदेतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटा. ही चमक रंगाच्या डबीत मिळत नाही. ॲक्रिलिक रंग लावायचाच असेल तर शोभेच्या वस्तूला लावा, जेवणाच्या वाटीला नको.

भाजून आलेलं भांडं बोटाच्या पेरानं वाजवून घ्यावं, जुने लोक रुपया वाजवत तसं. खणखणीत वाजलं तर पाणी भरून एक रात्र ठेवून बघा. बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. त्यात तुळस लावा.