दोन स्टेडियम आणि खुर्च्यांचं भांडण

चि. चिनूस,


जागेची एवढी मारामार असलेल्या मुंबईत चर्चगेटजवळ चालत जाण्याच्या अंतरावर दोन-दोन कसोटी मैदानं कशाला, असं तू विचारलंस. खुर्च्यांसाठी!

ब्रेबॉर्न आधीचं. 1933 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया निघाला, पण त्याला स्वतःचं मैदान नव्हतं. क्लबचा अँथनी डी'मेलो हा भलताच खटपट्या माणूस. 'सरकारला पैसे हवेत, की तुम्हाला अमर नाव?' असं त्याने गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्नना विचारलं म्हणतात. समुद्रात भर घालून काढलेली जमीन चौरस वाराला साडेतेरा रुपयांनी मिळाली, आणि गव्हर्नरसाहेबांना नावही. 7 डिसेंबर 1937 ला उद्घाटन झालं. त्याच वर्षी तिथे धर्मवार संघांचे पहिले पंचरंगी सामने भरले, तर जागांच्या वाटपावरून रुसून हिंदू संघ उतरलाच नाही. रंग वाळायच्या आत भांडण!

ते पुढे पिढीभर मुरलं. मैदान क्लबचं, सामने भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. कार्य आपलं आणि पंगतीतली पानं कार्यालयवाला मोजून देणार, तसला प्रकार. असोसिएशनला तिकिटं कमी पडत, क्लब आपल्या सभासदांच्या जागा सोडीना. अखेर शेषराव वानखेडे यांनी वेगळी चूल मांडली, असोसिएशनचं स्वतःचं वानखेडे स्टेडियम उभारलं. ते तेव्हा असोसिएशनचे प्रमुख होते आणि विधानसभेचे अध्यक्षही, त्यामुळे कामं अडली नाहीत. जानेवारी 1975 मध्ये वानखेडेवर पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 ठोकून वास्तुशांत केली.

इकडे 1973 नंतर ब्रेबॉर्नवर कसोटी नाही ती नाहीच. पण मैदान ओस पडलं नाही. टेनिसच्या स्पर्धा झाल्या, 2003 मध्ये रोलिंग स्टोन्सही वाजवून गेले. डिसेंबर 2009 मध्ये कसोटी परतली, तेव्हा सेहवागने 293 केल्या. 2013 च्या महिला विश्वचषकाची आणि 2023 च्या पहिल्या डब्ल्यूपीएलची अंतिम लढतही इथलीच. माझं विचारशील तर वानखेडेवर गर्दी बघावी, क्रिकेट ब्रेबॉर्नवर.

सुट्टीत आलास की दोन्ही दाखवतो. एरवी ब्रेबॉर्नच्या आत जायला मात्र क्लबचा सभासद ओळखीचा लागतो. तुझ्या सासरकडे कोणी आहे का, ते आत्ताच विचारून ठेव.

तुझा,
अप्पाकाका