खूण आणि करणी

'कॅरॅक्टरायझेशन' या शब्दाचा 'व्यक्तिरेखाटन' हा पर्याय आम्ही दोघी वर्गात वीस वर्षे सांगत आलो आहोत. त्यामुळे प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या फुप्फुसातील मूळ पेशींचे विलगीकरण व 'कॅरॅक्टरायझेशन' यांवरील टिपणाचे मराठी तपासायला दिले, तेव्हा आम्ही थबकलो. पेशीचे कसले आले व्यक्तिरेखाटन?

आमच्या कुतूहलाला खाजगी कारणही होते. आमच्यापैकी एकीच्या आईचे फुप्फुस तंतुमय होत चालले आहे. वर्तमानपत्रातील कात्रण दाखवून तिने विचारले होते, "मूळ पेशी म्हणजे मूळच ना गं? मग पुन्हा फुटेल का?"

टिपणातला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतील एमआयटीत कार्ला किम व सहकाऱ्यांनी केलेला. फुप्फुसाचा तुकडा विकरांनी सैल करून पेशी सुट्या करायच्या, त्यांना चकाकणारी प्रतिपिंडे लावायची आणि रक्तपेशींची वा रक्तवाहिन्यांची खूण दिसेल ती पेशी बाद करायची. अशा निवडीतून सूक्ष्म श्वासनलिका व वायुकोश यांच्या सांध्यावरची, दोन्हीकडची प्रथिने एकाच वेळी बाळगणारी पेशी हाती आली. डांबरगोळ्यांतल्या नॅप्थालीनने श्वासनलिकेला इजा केल्यावर ती सांध्यावर वाढू लागली; काचेच्या तबकडीत तिने स्वतःसारख्या आणि वेगळ्याही पेशी घडवल्या.

तरी वाद राहिलाच. त्यांतल्या काही खुणा इतर पेशींवरही सापडतात. शिवाय तबकडीतले वागणे म्हणजे देहातले वागणे नव्हे. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी जिवंत उंदरात या पेशींवर कायमची जनुकीय खूण उमटवली, त्यांच्या वंशजांचा माग काढला, तेव्हा दुजोरा मिळाला.

हे वाचताना आम्हांला आमच्याच उत्तरपत्रिका आठवल्या. पात्राचा रंग, पेहराव, वय लिहिले की आम्ही गुण देतो. संकटात ते पात्र काय करते, हे विचारायचे राहूनच जाते. टिपणात आम्ही 'गुणधर्मनिश्चिती' हा शब्द सुचवला. तो रूक्ष आहे, पण खोटी आशा दाखवत नाही.

आईला मात्र शब्द पुरणार नव्हता. उंदराच्या फुप्फुसाची बांधणी त्या सांध्याशी माणसाहून निराळी असते, आणि आजची औषधे तंतुमयता मंदावतात, उलटवत नाहीत, हे आम्ही तिला सांगितले. तिने कात्रणाची घडी घातली.

"म्हणजे तूर्त उंदरांचं फावलं म्हणायचं," ती म्हणाली.